शिकारीची मोटरसायकल
नव्या टायरचा वास आला की दुबईजवळच्या रास अल खैमातलं नव्वदच्या दशकातलं ते शोरूम आठवतं आणि अजूनही डोकं तापतं. एक अरब गिऱ्हाईक शिकारीसाठी मोटरसायकल घ्यायला आलं होतं. वाळूत शिकारी ससाणा सोडायचा मालकाने आणि त्या पक्ष्यामागे मोटरसायकलवरून एकट्याने धावायचं ते त्याच्या बलुची नोकराने. तो बुटका, पन्नाशीचा माणूस दाराशी उभा होता आणि आमचे रत्नागिरीचे साहेब सगळ्यांत जड, चकचकीत गाडी पुसून दाखवत होते. मी हळूच म्हणालो, "साहेब, वाळूत ही पडणारच. हलकी दाखवू या." "तुझी डिग्री घाल चुलीत! महाग आहे तीच विकायची," ते मराठीत पुटपुटले. घरातला पहिला पदवीधर मी, आणि मला तिथे नोकरीला नेलं होतं त्यांनीच. तरी राहवलं नाही. मी गाडी अलगद फरशीवर आडवी केली. "चाचा, उठाके दिखाओ." चाचाने दोनदा जोर लावला, मानेच्या शिरा फुगल्या, पण गाडी उचलली गेली नाही. "अरबाब, अकेले में पैर पे गिरी तो?" मी त्याच्या मालकाला विचारलं. गिऱ्हाईक हसलं. "नहीं गिरेगा, इन्शाल्ला. यल्ला, चलो, यही चाहिए." साहेब हसले. मग चाचाही हसला, कारण त्याला हसावंच लागलं. परवा मुलीला स्कूटर घेताना विक्रेता रंग दाखवू लागला, तर मी म्हटलं, "आधी आडवी कर. हिला उचलता आली तर रंग बघू." साहेबांना मी दर दिवाळीला न चुकता फोन करतो. त्यांचे उपकार आहेतच. पण त्यांचं ते हसणं मी माफ केलेलं नाही.