गाठ ज्यानं मारली

"गाठ मी मारली, सोडनार बी मीच. घरी हात लावायचा नाय!"

पट्टी बांधून झाली की दोन बोटांनी गाठ ओढून बघायची आणि पेशंटला असा दम भरायचा, ही त्याची सवय. शहागंजातल्या एका दवाखान्यात मी कंपाउंडर. तो करमाडहून एसटीनं यायचा, माझ्या हाताखाली ड्रेसिंग शिकायला. मिसरूड नुकतं फुटलेलं, पण दम मोठ्या डॉक्टरचा! मी चिडवायचो, "पेशंट काय तुझे गुलाम आहेत का रे?" तो म्हणायचा, "काका, सोडतानी बी दुखतं. किती हळू सोडायचं, ते बांधनाऱ्यालाच ठावं."

हाती घेतलेलं काम दुसऱ्यावर टाकवत नाही, अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. फळांची हातगाडी लावणाऱ्या एका चाचांनी एकदा घरीच पट्टी सोडली. "अरे बाबा, खुजली होरी थी," ते काकुळतीला आले. "खुजली होरी तो मेरे पास आनेका ना, चाचा!" असं म्हणत त्यानं जखम धुतली, नवी पट्टी बांधली आणि गाठ ओढून पाहिली. जाताना चाचांनी त्याच्या खिशात दोन मोसंब्या कोंबल्या.

पुढं तो फौजेत गेला, जखमींची शुश्रूषा करणारा जवान म्हणून. एका रजेत त्यानं गुलमंडीतल्या म्हाताऱ्या कापडवाल्याच्या भाजलेल्या हाताला पट्टी बांधली आणि दुसऱ्याच दिवशी त्याला फौजेतून परत बोलावणं आलं. स्टेशनला निघालेली रिक्षा त्यानं गुलमंडीत वळवली. मी सोबत होतो. "गाडी चुकेल, गाढवा!" मी ओरडलो. दुकानाच्या पायरीवर बसून त्यानं सावकाश पट्टी सोडली आणि नवी माझ्या हातात दिली. "ही तुमी बांधा, काका. मला यायला जमंल का नाय, काय म्हाईत." न पाळता येणारा शब्द तो देतच नसे.

सीमेवरच्या चकमकीत त्यानं गोळीबार चालू असताना वरच्या चौकीतून दोन जखमी खाली आणले. तिसऱ्यासाठी पुन्हा वर गेला आणि मागून दरड कोसळली. शोध घेतला. बर्फ वितळल्यावर पुन्हा घेतला. तो सापडला नाही.

घर बौद्ध. भंतेजी येऊन गेले, भावकी समजावून थकली, पण गेलेल्यासाठी करायच्या पुण्यानुमोदनाच्या विधीचा विषय निघाला की त्याची आई उठून आत जायची. "सापडला नाय, म्हंजी गेला नाय," एवढंच म्हणायची. रोज त्याच्या वाटणीची भाकरी झाकून ठेवायची.

गेल्या हिवाळ्यात एक लंगडणारा जवान दवाखाना शोधत आला. आमच्या पोरानं खाली आणलेल्या दोघांपैकी एक. मी त्याला करमाडला नेलं. आईपुढं बसून त्यानं खिशातून लोकरीची एक पट्टी काढली. बँडेज संपलं म्हणून पोरानं स्वतःचा मफलर फाडून याची मांडी आवळली होती. इस्पितळात ती कापून काढली, तेव्हा यानं गाठीला कात्री लावू दिली नव्हती.

"वो बोला था माँजी, गाँठ मैंने बाँधी, खोलूँगा भी मैं. इसलिए किसी को छूने नहीं दिया."

आईनं पट्टी मांडीवर घेतली. दोन बोटांनी गाठ ओढून पाहिली. मला वाटलं, आता ही पट्टी उराशी धरून बसणार. पण ती नखांनी गाठ उकलू लागली. रक्त वाळून गाठ कडक झाली होती. जवान गडबडला, "माँजी, मत खोलिए!"

"त्यानं तुला जबान दिली व्हती ना?" गाठीवरची नजर न काढता ती म्हणाली. "आता त्यो येत नाय, बाबा. म्हनून मी सोडते."

एवढी हिंमत ही माणसं आणतात कुठून? ती हळूहळू, दुखू नये अशी सोडत होती.

गाठ सुटली. तिनं जवानाच्या मांडीवर हात ठेवला. "जा लेकरा, मोकळा झालास." मग पट्टीची घडी घालत मला म्हणाली, "भाऊ, भंतेजींना सांगा. आयतवारी या म्हनावं."