कोरड्या खोलीतला साखरेचा कापूस

कल्लप्पानं सोलापुरात तीस वर्षं यंत्रमाग चालवला. कोरड्या हवेत सूत तुटतं, म्हणून कारखान्यात पाऊल टाकलं की पहिलं काम ठरलेलं, फरशीवर पाणी मारायचं. कारखाना बंद पडला, पण हाताची खोड गेली नाही. साखरेच्या कापसाचं जुनं यंत्र घेऊन तो गड्ड्याच्या जत्रेत पहिल्यांदा उभा राहिला, तेव्हाही त्यानं गाड्याभोवती झकास पाणी मारलं. आणि काय! काडीवर चढलेला गुलाबी कापूस बघता बघता आक्रसून चिकट गोळा झाला.

शेजारचा फुगेवाला जोतिराम पोट धरून हसला. "अवो मागवाले, लुगडं विणताय व्हय? आत साखर वितळती, भांडं गरगर फिरतंय म्हणून बारीक भोकांतनं भाईर फेकली जाती. हवा लागली की दाणा धरायच्या आत गोठती, काचंवानी. तिला वलावा लागला की झाला पाक!"

कल्लप्पा शिकला. उरलेला कापूस तो बायकोसाठी घरी न्यायचा, पण घर येईतो त्याचाही गोळाच व्हायचा. चंद्रव्वा चिडवायची, "तुमचा कापूस निस्ता ऐकायचा. मला गोळीच मिळती!"

या वैशाखात चंद्रव्वाच्या घशातल्या गाठीपुढं डॉक्टरांनी हात टेकले. चमच्यानं पाणी तेवढं उतरायचं. कोरड्या हवेनं खोकल्याची उबळ आली की श्वास अडायचा, म्हणून कल्लप्पा खिडकीला ओलं गोणपाट बांधायचा, फरशीवर पाणी मारायचा. खोलीचा जणू कारखानाच केला होता त्यानं.

एका दुपारी ती पुटपुटली, "अवो, एकदा उभा कापूस दावा की."

"ह्या वल्या खोलीत टिकायचा न्हाय."

"मग गोणपाट काडा."

"येडी का काय तू? खोकला सोसंल व्हय तुला?"

"आनि किती दिस सोसायचाय?"

कल्लप्पा उठला. त्यानं गोणपाट सोडलं, गुडघ्यावर बसून कोपरान् कोपरा पुसला. उन्हाची झळ आत घुसली. मग दारातच यंत्र फिरवलं. तारा सुटल्या, काडीवर गुंडाळल्या, आणि केवढा तरी गुलाबी कापूस तिच्यासमोर उभा राहिला. चंद्रव्वा बघतच राहिली. त्यानं चिमूटभर तिच्या जिभेवर ठेवला. गिळावं लागलंच नाही.

"हे तर कायच न्हाय की!" ती हसली. पाठोपाठ उबळ आली, ती थांबेना. कल्लप्पा गोणपाट भिजवून धावत आला, तोवर खोली शांत झाली होती.

काडी त्यानं खिडकीच्या गजात खोचली. कापूस तसाच उभा होता, एक तार हलली नव्हती.

तिन्हीसांजेला बायाबापड्या जमल्या. शेजारच्या अक्कम्मानं चंद्रव्वाला अंघोळ घातली, फरशीवर घागरी ओतल्या. कोपऱ्यात बसलेला कल्लप्पा ओल्या फरशीकडं बघेना. त्याची नजर खिडकीवर होती. कापूस हळूहळू खाली बसत होता.