सातव्या उंदराचा पहिला घास

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यातली नाही. मिऱ्या बंदरावरच्या खारव्याची पोर आहे. समुद्रावरचे चकवे नि हाका ऐकतच वाढले, आणि सांगणाऱ्याला "पुरावा दाखव" म्हणून भंडावून सोडायचे. पण हे माझ्याच लॅबमध्ये घडलं... भर दुपारी, लख्ख ट्यूबलाइटखाली. आता पुरावा कोणाकडे मागू?

रत्नागिरीतल्या एका कॉलेजात मी पीएचडी करते. विषय – उंदरांची खाण्याची ओढ मोजणं. हसू नका! पेटीत उंदीर, समोर लिव्हर. दाबला की गोड गोळी पडते. पुढच्या गोळीसाठी जास्त वेळा दाबावं लागतं, त्याच्या पुढच्या गोळीसाठी आणखी जास्त. शेवटी उंदीर "मरू दे तुझी गोळी" म्हणून पाठ फिरवतो. जिथे पाठ फिरवली तिथे त्याची ओढ संपली. मला ह्या कामाचा भयंकर अभिमान आहे.

बाबांना मात्र नव्हता. "भुकेल्याला खेळवू नये गो, पाप लागतं," एवढंच म्हणायचे. जेटीवर कोणी माझी चौकशी केली तर "कालेजात असते" म्हणून विषय बंद. जन्मभर मच्छी मारणाऱ्याने मला पाप शिकवावं! कडाकडा भांडायचे मी. पण खरं सांगू? मनाला फार लागायचं.

तर, सातवा उंदीर. शेपटीवर मार्करने सातचा आकडा, म्हणून सातवा. पहिली गोळी पडली की हा खायचाच नाही. पंजाने सरकवत कोपऱ्यात नेऊन ठेवायचा आणि परत लिव्हरकडे. दुसरीपासून मात्र मिटक्या मारत खायचा. रोज हेच! पेटी बदलली, गोळ्या बदलल्या, कॅमेरा लावला... काही फरक नाही. आमच्या घरी बाबा जेवायला बसले की पहिला घास दर्याचा म्हणून ताटाबाहेर काढून ठेवतात. मी माझ्या गाईड सरांना म्हटलं, "सर, हा आमच्या वाडीतलाच दिसतोय."

सर हसले नाहीत. "गोळी खात नाही म्हणजे नियमात बसत नाही. काढ त्याला."

काढ? दोन उंदीर आधीच आजारी पडून बाद झालेले. हाही गेला असता तर उंदीर कमी पडून अख्खा गट बाद, सगळं पहिल्यापासून, आणि माझी फेलोशिप तर संपत आलेली. शिवाय बाकीचे पाठ फिरवून झोपले तरी हा पठ्ठ्या लिव्हर सोडायचा नाही! मी अडूनच बसले. शेवटी सर म्हणाले, "शुक्रवारपर्यंत पहिली गोळी खाल्ली तर राहील."

शुक्रवारी मी नेमका डबा विसरले, तो घेऊन बाबा आले. पहिल्यांदाच. दारातूनच परत निघालेले, पण मी हाताला धरून आत ओढलं. "बघा तरी, पाप कसं दिसतं ते!"

पेटीला बाहेरून बघायला एक छोटी काच आहे. बाबा वाकले. गोळी पडली, सातव्याने ती कोपऱ्यात सरकवली. बाबांचा चेहरा एकदम उतरला.

"डाव्या हातानं ठेवतो हा," ते म्हणाले.

"हो. लिव्हर उजव्याने दाबतो, गोळी तेवढी डाव्याने. का ते नाही कळलं."

"आबांची उजव्या हाताची बोटं दोरात गेलेली. घास डाव्या हातानं काढायचे. लोक हसायचे, पण म्हाताऱ्यानं कधी चुकवलंन नाय. आणि जाळं ओढायला दोर मनगटाला गुंडाळून उभे... सगळ्यांनी सोडला तरी सोडायचे नाय."

आबा म्हणजे माझे आजोबा. माझ्या जन्माआधीच गेले. त्यांच्या हाताचं मला कोणी कधी सांगितलंच नव्हतं.

बाबांनी हात जोडले. माझ्या लॅबमध्ये! "आबा, घास मी काढतो हा रोज. तुम्ही खावा आता. पोरीचं काम अडलंय."

सातव्याने लिव्हर सोडला. कोपऱ्यात गेला, ती गोळी दोन्ही पंजांत धरली आणि खाल्ली. सगळी.

त्यानंतर त्याने एकदाही गोळी बाजूला काढली नाही. गट वाचला, आणि ओढीत सातवा सगळ्यांच्या पुढे निघाला. सर म्हणतात भूक वाढली असेल. पण त्याचं खाणं तेवढंच होतं, वजनही तेवढंच. बाबांचा आवाज ऐकला म्हणावं तर त्या पेटीत बाहेरचा आवाज जातच नाही, ती बनवलीच तशी आहे. मी सगळ्या बाजूंनी डोकं आपटून बघितलं.

परवा संध्याकाळी म्हावरं आणायला जेटीवर गेले. बाबांची पाठ माझ्याकडे होती, भोवती चारपाच खलाशी. कोणीतरी विचारलं, "तुझी पोर करते काय रे नक्की?"

"भूक मोजते," बाबा एवढ्या मोठ्याने म्हणाले की अख्ख्या जेटीने माना वळवल्या. "आमच्या बापाशीची पण मोजलीन!"