निमकरांचे टक्के

दिगंबर निमकर डेट्रॉइटच्या एका मोटार कंपनीत ब्रेक तपासायचे. कुठला ब्रेक किती मैलांनी दगा देईल, याचा अंदाज बांधायचा हे त्यांचं काम. संध्याकाळी डेट्रॉइटजवळच्या नोव्हाय गावातल्या घरी आले की हेच डोकं ते मराठी मंडळातल्या मुलांच्या कॉलेज-प्रवेशाला लावत. मुलाचे मार्क सांगा, पियानो की भरतनाट्यम ते सांगा. निमकर चष्मा पुसणार, छताकडे बघणार आणि टक्के सांगणार, तेही दशांशासकट. नुसतं सव्वीस म्हटलं असतं तर लोकांनी हसण्यावारी नेलं असतं. सव्वीस पॉइंट चार म्हटल्यावर माणसं हातातला बटाटेवडा खाली ठेवून ऐकत.

अंदाज चुकायचा प्रश्नच नव्हता. प्रवेश मिळाला तर 'सव्वीस होते ना', नाही मिळाला तर 'सव्वीसच होते ना'. ब्रेकच्या बाबतीत कंपनी हे चालवून घेत नसे.

त्यांची एकुलती एक मुलगी पद्मजा कॉर्नेलला दुसऱ्या वर्षात होती. कॉर्नेल म्हणजे काही ऐरंगैरं कॉलेज नव्हे. ती तिथे लागली तेव्हा निमकरांनी अख्ख्या मंडळाला पेढे वाटले होते. पण सत्त्याऐंशीच्या गणपतीत घात झाला. डॉक्टर श्रीरंग पटवर्धनांचा विवेक हार्वर्डला गेला म्हणून त्याला स्टेजवर बोलावून हार घातला गेला. पुढच्याच वाक्यात सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "तसेच आपली पद्मजाही कॉर्नेलला छान करते आहे." ते 'तसेच' निमकरांच्या घशात अडकलं ते अडकलंच. आपल्याच मुलीच्या नावाची त्यांना लाज वाटली, आणि असली लाज वाटली म्हणून जास्तच राग आला.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पद्मजाच्या हार्वर्डला ट्रान्सफर होण्याचा हिशोब मांडला. उत्तर आलं अकरा पॉइंट दोन. मंडळात त्यांनी पस्तीस सांगितलं.

रविवारी फोनचे दर उतरले की पद्मजाशी बोलणं व्हायचं.

"पदू, तुझ्या ट्रान्सफरचं बघतोय मी."

"बाबा, आय लाइक इट हिअर."

"अगं, आवडणं वेगळं, चान्स वेगळा. अप्लाय करायला काय जातंय?"

"ओके, बाबा."

इथे जन्मलेल्या पोरांचं 'ओके, बाबा' म्हणजे 'आता फोन ठेवा', हे मंडळातल्या कुठल्याही आईने सांगितलं असतं. निमकरांनी तो होकार समजला. आवडण्याला त्यांच्या हिशोबात रकानाच नव्हता.

आता अडत होतं ते शिफारसपत्रावर. पद्मजा प्रोफेसर व्हिटकरांच्या हाताखाली मधमाश्यांचा अभ्यास करत होती. निमकर लोकांना 'बायॉलॉजी' सांगत, म्हणजे पुढचा डॉक्टर ऐकणाऱ्याने आपोआप जोडावा. व्हिटकरांनी मनापासून लिहिलं तर अकराचे तीस सहज होतील, असं त्यांना वाटलं. आणि माणसाने मनापासून करावं म्हणून काय करायचं, हे मंडळाला पाठ होतं. भारतातून गवई आला की शाल-श्रीफळ कार्यक्रमाआधी द्यायचं. नंतर दिलं तर तो तासाभरात भैरवीला हात घालतो.

"प्रोफेसरला नारळ?" त्यांची बायको सुलेखा म्हणाली. "अहो, अमेरिकन माणूस तो. तो काय करेल त्याचं?"

"गुरू तो गुरूच. तू शाल काढ."

मंडळाच्या शाली सुलेखाच्याच कपाटात असत. तिने त्यातल्या त्यात बरी काढली, आणि फेब्रुवारीच्या बर्फात दोघं कॅनडामार्गे कॉर्नेलला निघाली. सरहद्दीवरच्या अधिकाऱ्याने नारळ कानाशी हलवून बघितला. "फॉर प्रोफेसर," निमकर गंभीरपणे म्हणाले. त्याने हात जोडल्यासारखं करून गाडी सोडली.

व्हिटकर उंच, टक्कल पडलेले, स्वेटरच्या कोपरांना ठिगळं लावलेले गृहस्थ होते. निमकरांच्या मते एवढ्या मोठ्या प्रोफेसरला हे शोभत नव्हतं. पद्मजा कोपऱ्यात पांढरीफटक उभी होती. सुलेखाने टक्कल संपून कपाळ कुठे सुरू होतं ते शोधून कुंकू लावलं, निमकरांनी शाल पांघरली, नारळ हातात दिला आणि घसा साफ केला. आता विषय काढायचा होता.

पण बोलले व्हिटकर. त्यांचा आवाज जरा ओलसर झाला होता.

"इतकी वर्षं शिकवतोय, पण आभार मानायला कुणाचे आईवडील इतक्या लांबून आले नाहीत. गेल्या आठवड्यात पद्मजा इथे बसून रडली. घरच्यांना ट्रान्सफर हवी आहे, म्हणाली. मी म्हटलं, पत्र देतो. पूर्वी मी हार्वर्डला शिकवत होतो, माझ्या पत्रावर तुला नक्की घेतील. पण आधी घरी खरं सांग." त्यांनी शाल अंगाभोवती ओढून घेतली. "सांगितलेलं दिसतंय. म्हणजे ती राहतेय ना?"

पद्मजाने काही म्हणजे काही सांगितलेलं नव्हतं. तिने खाली मान घातली.

नक्की घेतील! एका वाक्यात अकराचे जवळजवळ शंभर झाले होते. निमकरांनी नुसतं 'नाही' म्हणायचं होतं. पुढच्या गणपतीत हार पद्मजाच्या गळ्यात पडला असता. त्यांनी तोंड उघडलंही. तेवढ्यात पद्मजाने वर बघितलं. लहानपणी इंजेक्शनच्या आधी ती असंच बघायची, रडायची नाही.

"येस," ते म्हणाले. "स्टेइंग."

मग पद्मजा जी रडायला लागली, ती नारळ हातात घेऊन उभ्या असलेल्या व्हिटकरांनाही आवरेना.

परतताना बफेलो आल्यावर निमकर म्हणाले, "मंडळात सांगायला हरकत नाही, अप्लाय केलं असतं तर नव्व्याण्णव पॉइंट पाच होते."

"सांगा," सुलेखा म्हणाली. "आणि मंडळाची शाल भरून द्या."

मार्चमध्ये पटवर्धनांचा फोन आला. डॉक्टर कधी नव्हे ते हळू बोलत होते.

"निमकर, हे आपल्या दोघांतच ठेवा हं. हार्वर्डहून इथल्या मिशिगन युनिव्हर्सिटीला ट्रान्सफर करायची तर चान्स किती? विवेक घरी आलाय. खोलीतून बाहेर पडत नाही. मी म्हणतो, एवढं हार्वर्ड सोडून कुणी येतं का?"

निमकरांना आधी गुदगुल्या झाल्या. ते काही संत नव्हते. सवयीने चष्माही काढला. पण पुसता पुसता त्यांना पद्मजाचं ते वर बघणं आठवलं, आणि त्यांनी तो न पुसताच परत लावला.

"पटवर्धन, टक्के राहू द्या. तो तिथे का राहू शकत नाही, हे विचारलंत का त्याला?"

"विचारायचं काय त्यात?" पटवर्धन म्हणाले.

"मीही विचारलं नव्हतं," निमकर म्हणाले.