बिनखुणेचं टोपलं

"बायांच्या चुका असतात ह्या, साहेब. दुसरं काय."

जीपच्या मागच्या बाजूला उभी असताना हे माझ्या कानावर आलं. बोलणारा बियाण्याच्या प्लॉटवरचा सुपरवायझर होता आणि ऐकणारे कंपनीचे मोठे साहेब. मी पाण्याची बाटली घ्यायला आले होते, हे दोघांना दिसलं नव्हतं. दिसलं असतं तरी काही फरक पडला नसता. त्यांच्या लेखी मी दोन दिवसांपुरती आणलेली, इंग्रजी बोलणारी कॉलेजची मुलगी होते. शेडनेटच्या हिरव्या जाळीआड चौदा बाया टमाट्याच्या ओळींमध्ये वाकून काम करत होत्या. त्यांच्यात सगळ्यात पुढे माझी आई होती, हे साहेबांना माहीत नव्हतं.

सुपरवायझर पुढे म्हणाला की हा गटच बंद करू, पुढच्या हंगामाला जाफराबादकडून नव्या बाया आणू. साहेब म्हणाले, पाहुण्यांना तसंच सांगू.

पाहुणे म्हणजे परदेशातून आलेले दोघं, एक पुरुष आणि एक वयस्कर बाई. मागच्या हंगामात या प्लॉटवरून गेलेलं बियाणं त्यांनी लावून पाहिलं होतं, आणि त्यात भलतीच झाडं निघाली होती. ते का झालं हे विचारायला ते आले होते. त्यांचं मराठीत आणि इकडचं इंग्रजीत सांगायला मी.

हे काम मी प्लॉट कुठला हे न विचारताच घेतलं होतं. जालन्यातल्या आमच्या कॉलेजच्या मॅडमनी विचारलं, मी मान हलवली. मला एवढंच येतं, मान हलवणं. प्लॉट धावड्याच्या अलीकडचा, आमच्याच गावाबाहेरचा आहे, हे आदल्या दिवशी कळलं. रात्री मी घरीच आले, आणि सकाळी भाकरी थापता थापता आई म्हणाली, "तिथं मला आई म्हणू नको. तुझं काम हाय ते, नीट करून घे." मी तेव्हाही मान हलवली.

जालना बियाण्यांसाठी प्रसिद्ध आहे. हे वाक्य मी पहिल्यांदा इंग्रजीत शिकले. आरटीईच्या सोडतीत माझा नंबर लागला आणि मी मावशीकडे राहून जालन्याच्या इंग्रजी शाळेत गेले. दर गॅदरिंगला तिथे आम्हा मुलींना हिरव्या सॅटीनचे झगे घालून कोंब करायचे. आम्ही खाली बसायचो आणि गाणं लागलं की हळूहळू उभं राहायचो. पालक टाळ्या वाजवायचे. पाचवीत 'माझं शहर' असा निबंध होता. मी लिहिलं की माझी आई एका फुलाची पावडर दुसऱ्या फुलाला लावते, त्यातून बियाणं होतं. टीचरने त्या वाक्याभोवती लाल गोल केला आणि बाजूला लिहिलं, नॉट रेलव्हंट. विषयाला धरून नाही. बाकीच्या निबंधाला चांगले मार्क होते. मी ती वही कुणाला दाखवली नाही. पुढच्या वर्षी तोच निबंध आला तेव्हा ते वाक्य मी स्वतःच गाळलं. त्याचा राग अजून जात नाही, आणि तो टीचरवर कमी, माझ्यावर जास्त आहे.

शहरात शिरताना एका भिंतीवर दोन तळहात रंगवले आहेत. त्यात माती, मातीत कोंब. ते तळहात गोरे आणि गुबगुबीत आहेत, नखं स्वच्छ. असे हात या धंद्यात मी एकाही माणसाचे पाहिलेले नाहीत. टमाट्याच्या झाडाचा चीक बोटांना लागतो आणि बोटं आधी हिरवी, मग काळी पडतात. साबणाने ते निघत नाही. कच्चा टमाटा चिरून चोळला तर थोडं निघतं. माझ्या लहानपणी आई घरी आली की आधी तेच करायची, कारण काळ्या हातांनी वेणी घालून घ्यायला मी रडायचे. बियाण्यांचं शहर म्हणून मिरवायचं, आणि ते ज्यांच्या हातांतून येतं ते हात भिंतीवरसुद्धा नकोत.

आईचं काम असं असतं. दुपारी उद्या उमलणारी कळी ओळखायची, आजची नाही, परवाची नाही, बरोबर उद्याची. चिमट्याने ती उघडायची आणि आतला नर भाग काढून टाकायचा. एक कणही राहिला तर ते फूल स्वतःचंच बी धरतं आणि मेहनत वाया. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या जातीच्या फुलांची पावडर बोटातल्या अंगठीसारख्या वाटीत घ्यायची आणि त्या फुलाचं टोक तिच्यात बुडवायचं. मग फुलाखालच्या हिरव्या पाकळ्यांपैकी दोन कापायच्या. ही खूण. फळ धरलं, पिकलं, तरी देठाशी त्या दोन पाकळ्या कापलेल्या दिसतात. खूण असलेला टमाटा बियाण्याचा. ज्याच्या पाचही पाकळ्या शाबूत, तो आपोआप धरलेला, तो फेकायचा. तोडणीच्या वेळी बिनखुणेचे टमाटे बाया वेगळ्या टोपल्यात टाकतात. अख्ख्या धंद्याचा भरवसा त्या टोपल्यावर आहे.

मागच्या तोडणीला मी सुट्टीत घरी होते. आई चष्मा विसरून गेली म्हणून तो द्यायला प्लॉटवर गेले. ऊन होतं, मी ओढणीने तोंड बांधलेलं होतं. त्या वर्षी उन्हाने बरीच फुलं गळाली होती आणि क्रेट भरत नव्हते. माझ्यासमोर सुपरवायझरने ते वेगळं टोपलं उचललं आणि चांगल्या मालाच्या क्रेटमध्ये ओतलं. आई पुढे झाली.

"साहेब, बिनखुणेचं हाय ते."

"रंग बराबर हाय ना? मंग झालं."

आई म्हणाली, मी समद्या बायांना सांगून राह्यले की एक दाणा मिसळू देऊ नका, आन तुम्ही टोपलंच ओतता. तो हसला. म्हणाला, मावशे, तू आता कंपनीला शिकवणार का? बाया खाली बघत राहिल्या. आईने माझ्या हातातून चष्मा घेतला, डोळ्याला लावला आणि पुन्हा तोडायला लागली. मी तिथे उभी होते. मला मराठी येत होती, इंग्रजी येत होती, आणि मी दोन्हींतलं काहीच बोलले नाही.

आणि आता जीपमागे उभं राहून मी ऐकत होते की चूक बायांची. गट बंद झाला की तेवढ्यावर भागत नाही. भेसळ करणाऱ्या बाया हे नाव एकदा लागलं की पंचक्रोशीत दुसऱ्या कुठल्याच प्लॉटवर त्यांना घेत नाहीत. माझ्या जन्माआधीपासून आई हे काम करते. उद्याची कळी ती चालता चालता, न थांबता ओळखते. तिच्याकडे मिरवण्यासारखं एवढंच आहे, आणि तेही ती कधी मिरवत नाही.

चहा झाला. पाहुण्यांना आत नेलं. नेटच्या आत हवा कोंडलेली होती आणि टमाट्याच्या पानांचा उग्र वास होता. बाया बाजूला सरकून उभ्या राहिल्या, आई सगळ्यात मागे. तिने माझ्याकडे अजिबात पाहिलं नाही. अनोळखी माणसाकडे बघणंसुद्धा कुणी इतक्या काळजीपूर्वक टाळत नाही.

साहेबांनी पाहुण्यांना हे शहर बियाण्यांसाठी कसं प्रसिद्ध आहे ते सांगितलं. मी इंग्रजी केलं. बायकांची बोटं नाजूक असतात म्हणून हे काम त्यांना देतात, असं सांगितलं. मी तेही केलं. आईच्या बोटांना नाजूक म्हणणाऱ्याने ती एकदा हातात घेऊन बघावीत.

मग त्या वयस्कर पाहुणीने एक टमाटा हातात धरला, देठापाशी नख लावलं आणि विचारलं की ही खूण असताना बिनखुणेचा माल मिसळला कसा. नेमका प्रश्न. मी तो मराठीत सांगितला. सुपरवायझरने क्षणही दवडला नाही. म्हणाला, बाया अडाणी आहेत, गप्पा मारत तोडतात, खूण बघत नाहीत. ह्या बदलून टाकू, असं सांगा मॅडमला.

बायांनी ते ऐकलं. त्यांना इंग्रजी येत नसेल, पण हे मराठीत बोललं गेलं होतं, त्यांच्यासमोर, जणू त्या तिथे नव्हत्याच. एकीने पदर तोंडाला लावला. आईने हातातला चिमटा कमरेला खोचला आणि जमिनीकडे पाहिलं. मागच्या हंगामात बाकीच्या बायांनी असंच पाहिलं होतं. तेव्हा निदान ती एकदा बोलली तरी होती.

सगळे माझ्याकडे बघत होते. साहेबांनी घड्याळ पाहिलं. पाहुणी टमाटा हातात घेऊन थांबली होती. मी सुपरवायझरचं वाक्य इंग्रजीत केलं नाही. साहेबांना वळसा घालून ओळीत शिरले आणि सगळ्यात मागे उभी होती तिच्यासमोर जाऊन थांबले. तिने मान हलवून मला नको म्हटलं.

"आई," मी म्हणाले, "ते टोपलं कुणी ओतलं ते तू सांग. मी त्यांना इंग्रजीत सांगते, तू म्हणशील तसंच."