कांबळे गुरुजींचा रेटेड डाव

भुताखेतांचं मला सांगू नका... मी कॉम्प्युटर दुरुस्त करणारा माणूस. मशीन चालत नाही म्हटलं की आधी प्लग बघायचा, माझा देवधर्म तेवढाच. तरी हे लिहितोय, कारण विचार करकरून आता कंटाळलोय.

गोष्ट २००५-०६ च्या सुमाराची. कोल्हापूर, राजारामपुरी. घरच्या पीसीवर मी बुद्धिबळाचा प्रोग्राम बसवला होता. इंटरनेटवरच्या एका सर्व्हरवर तो माझ्या खात्यावरून आपोआप खेळायचा. तिथे कॉम्प्युटर खेळाडूंना परवानगी होती, फक्त त्यांचं रेटिंग, म्हणजे हार-जितीवरून ठरणारे गुण, खरं ठेवायची जबाबदारी मालकाची. एकाच माणसाला रोज हरवून गुण फुगवायचे नाहीत.

आणि माझ्या मशीनशी रोज हरणारा माणूस एकच — वडिलांचे मित्र, रिटायर झालेले कांबळे गुरुजी. गडमुडशिंगीहून बसने यायचे, आमच्या कोपऱ्यावरच्या कॅफेत बसायचे, दहाला डाव सुरू. जिंकणं सोडाच, बरोबरीसुद्धा कधी नाही. सर्व्हरवाल्यांची तक्रार आली तेव्हा मी सेटिंग बदललं. गुरुजींशी फक्त अनरेटेड डाव. खेळा हवं तेवढं, निकाल कुठेच धरला जाणार नाही.

दोन दिवसांनी ते घरी आले. चहाला हात लावला नाही.

"सतीश, हरलो तर हरलो की. पर मोजायचंच न्हाय म्हंजे मी खेळलोच न्हाय व्हय?"

मी नियम सांगितले. मग आठवड्यातनं एक तरी डाव मोज, म्हणाले. तेवढं नियमात बसत होतं. करतो म्हणालो... आणि आज करू, उद्या करू म्हणत महिना घालवला. दोन मिनिटांचं काम होतं.

एका मंगळवारी पहाटे गुरुजी गेले. हार्ट अटॅक. दहा वाजता आम्ही त्यांच्या दारात होतो, बुद्धवंदना चालली होती. मला स्वतःची लाज वाटत होती, मान वर करवत नव्हती.

दुपारी घरी येऊन सर्व्हर उघडला. माझ्या मशीनच्या खात्यात एक नवा डाव — त्याच सकाळी दहाचा. समोर गुरुजींचं खातं. रेटेड. एक्केचाळीस चाली, गुरुजी हरलेले, त्यांचं रेटिंग एका गुणाने उतरलेलं.

त्या सकाळी नऊ ते बारा गल्लीत लाइट नव्हती, शेजाऱ्यांनी सांगितलं. कॅफेचं शटर बंद. पीसी मी स्वतः बंद करून निघालो होतो. सेटिंग पाहिलं, अनरेटेड तसंच. त्यांचा पासवर्ड कुणाला माहीत असेल, धरून चालू... पण माझ्या बंद मशीनतर्फे कोण खेळलं? सर्व्हरची चूक म्हणावं तर चाली अगदी गुरुजींच्या, वजीर घाईने बाहेर काढणाऱ्या. याचं उत्तर मला आजही सापडलेलं नाही.

न खेळलेला डाव खात्यावर दिसला तर सर्व्हरवाल्यांना कळवायचं, हा नियमच होता. मेल लिहायला घेतली. कळवलं असतं तर डाव रद्द झाला असता आणि गुरुजींना त्यांचा गुण परत मिळाला असता. मेल पुसून टाकली आणि त्यांचा तो पराभव त्यांच्या नावावर राहू दिला.