वेगळी चूल

उमरग्यात आमच्या शेजारी राहणारे एक गृहस्थ कशालाच नाही म्हणत नाहीत. आमच्याकडं आले की नको असलेला तिसरा चहाही "व्हय, द्या की" म्हणून घेतात आणि गार होईस्तोवर हातात धरून बसतात. शास्त्रज्ञांची सॉफ्टवेअर कुठल्याही संगणकावर एकमेकांशी न भांडता बसावीत, अशी यंत्रणा ते घरबसल्या तयार करतात.

माझं संशोधन विहिरींच्या पाणीपातळीचं. परवा एक नवं सॉफ्टवेअर टाकलं आणि सगळी आकडेमोड करणारा माझा जुना प्रोग्राम बंदच पडला. रडकुंडीला येऊन मी त्यांना घरी बोलावलं आणि लॅपटॉप त्यांच्यापुढं ठेवला.

"एका घरात दोघी जावांचं पटंना, ताई. येगळी चूल मांडू."

जुन्याला लागणारं सगळं जुनं सामान, म्हणजे इतर सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्त्या, आपल्या यंत्रणेच्या साठ्यातून घेऊन त्यांनी त्याला स्वतंत्र जागा करून दिली. तो चालू लागला.

तेवढ्यात त्यांच्या सहकाऱ्याचा फोन आला. स्पीकरवर तो म्हणत होता, साठ्यात जागा फार अडते, जुन्या आवृत्त्या आता काढून टाकू. मला वाटलं, हे आता व्हय म्हणणार.

"न्हाय," ते म्हणाले. "कुणाचं तरी काम असतंय त्याच्यावर."

माझ्याकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. त्या दिवशी मी त्यांना तिसऱ्या चहाचा आग्रह केला नाही.